काळं पाणी नासवणारी केशरबाई

केशरबाईला राग आला की ती भांडत नाही, गप्प बसते. आणि ते गप्प बसणं इतकं लांबतं की समोरच्याला वाटावं, विसरली बाई. सुरतेजवळच्या कोसाडच्या वसाहतीत ज्यांनी ज्यांनी असा समज करून घेतला ते सगळे पस्तावले.

शेजारच्या शांताबाईचंच बघा. एका उन्हाळ्यात तिनं केशरबाईच्या वाळत घातलेल्या कुरडया न विचारता उचलल्या आणि पाहुण्यांना तळून घातल्या. केशरबाई नुसती हसली. पुढच्या उन्हाळ्यात शांताबाईनं गहू भिजत घातला आणि चीक शिजवायला मोठं पातेलं मागायला आली. केशरबाईनं पातेलं घासूनपुसून दारात आणून ठेवलं, वर हात ठेवला आणि म्हणाली, "पातेलं शे वं, शांते. पण तुना हात लागना का कुरडया कमी व्हतस." एवढंच. शांताबाई रिकाम्या हातानं घरी गेली आणि गॅसवर दोन लहान पातेल्यांत चीक हलवत बसली. तो गुठळ्या गुठळ्या झाला हे सांगायला नकोच.

पण कुरडयांचा राग वेगळा आणि नवऱ्याचा वेगळा.

केशरबाईचा नवरा लक्ष्मण. माणूस खानदेशातला, अमळनेराकडचा. लग्न झालं तशी दोघांनी भुसावळ-सुरत गाडी धरली. लक्ष्मण आधी कडोदऱ्याला कापडाच्या मागावर होता, मग तिथूनच पुढं कालव्याकाठच्या कागदाच्या गिरणीत लागला. बारडोलीच्या बाजूनं साखर कारखान्यांचा उसाचा चोथा ट्रक भरभरून यायचा. गिरणीत तो मोठमोठ्या हंड्यांत कॉस्टिक सोड्यात शिजवायचे. शिजलेल्या चोथ्याचा कागद व्हायचा आणि खाली उरायचं ते काळं पाणी. डांबरासारखं काळं, हाताला बुळबुळीत, वासाला असं की लक्ष्मणची बनियन केशरबाई घरच्या बादलीत कधी भिजवायची नाही.

लक्ष्मणच्या गळ्यात तुळशीची माळ. दारू लांब राहिली, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचा नाही. त्याच्यात खोड एकच, त्याला नाही म्हणता यायचं नाही. कुणी म्हणालं, लक्ष्मण, जरा माझी पाळी कर, की हा करणार. कुणी म्हणालं, लक्ष्मण, माझा चुलतभाऊ गावाकडं रिकामा बसलाय, त्याला चिकटव कुठं, की हा चिकटवणार. केशरबाई वैतागायची. म्हणायची, "तुम्हाला देवानं मान दिली ती नुसती हलवायला का?" तो हसायचा, आणि मान हलवायचा.

असाच त्यानं स्वतःच्या सख्ख्या काकाचा मुलगा आणला. प्रमोद. मिसरूड फुटायच्या वयात आला तो केशरबाईच्याच हातचं खाऊन मोठा झाला. पहिल्या पानावर बसायचा आणि भाकरी आवडली तर म्हणायचा, "वहिनी, सुरतमा आसी भाकर कोठेच नई." गोडबोल्या होता. अशा माणसाला सुरत लवकर पावते. बघता बघता तो गिरणीत मजूर पुरवणारा ठेकेदार झाला, पांढरी पँट घालायला लागला, आणि लक्ष्मण त्याच्या हाताखाली गेला. लक्ष्मणला त्याचं काही वाटलं नाही. केशरबाईला वाटलं, पण ती गप्प बसली.

एके दिवशी काळ्या पाण्याचा खड्डा तुंबला. प्रमोद म्हणाला, "दादा, जरा उतरून बघ. चुटकीसरशी काम शे." ना दोर, ना वर कुणी उभं. लक्ष्मणनं मान हलवली आणि उतरला. वर आला तेव्हा पाय लटपटत होते. जीभ जड झालेली. काहीतरी सांगत होता, ते कुणाला कळेना. भिंतीला टेकला, तिथून खाली घसरला, आणि पुन्हा उठला नाही.

गिरणीच्या मॅनेजरसाहेबानं विचारलं तेव्हा प्रमोदनं हात जोडून सांगितलं, "साहेब, दारू पीसन उना. मी नको म्हणत होतो, ऐकलं नाही." लटपटताना पाहिलेले चार जण होतेच. त्यांनीही माना हलवल्या. झालं. गिरणीला जे ऐकायचं होतं ते मिळालं, प्रमोदचा ठेका राहिला, आणि लक्ष्मण जाताना दारुडा होऊन गेला.

बाई, माणूस जातो त्याचं दुःख एक. पण कोसाडात नळावर बाया तिला बघून आवाज खाली घ्यायच्या ते वेगळं. "बिचारी. पण तो पेत व्हता म्हणतस." मुलगा सागर मोठा झाला, त्याला नंदुरबारकडचं एक चांगलं स्थळ आलं. मुलगी आवडली, चहापोहे झाले, मग निरोप आला की बाप दारूत गेला असं ऐकतो, आमचं जमणार नाही. सागरनं त्या दिवशी बापाचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. केशरबाईनं तो परत सरळ केला.

आणि सगळ्यांत जास्त राग तिला कशाचा होता सांगू? तिला स्वतःला एकदा शंका आली होती. भाकरी थापता थापता मनात आलं, त्या दिवशी कुणी आग्रह केला असेल का? त्याला नाही म्हणता येत नव्हतं ना. ती भाकरी तिनं तव्यावर जळू दिली. प्रमोदनं तिच्या नवऱ्याला मारलं होतं, ते एक. पण तिच्याच चुलीपाशी तिच्या मनात घाण कालवली, हे तिला त्याहून मोठं वाटलं. तेव्हापासून तिला एकच हवं होतं. ते वाक्य ज्या तोंडातून निघालं त्याच तोंडानं, भाऊबंदांसमोर, ते परत गिळायचं.

वर्षं गेली. काळं पाणी कालव्यात सोडता येईना अशी वेळ आली. सरकारच्या नोटिसा, शेतकऱ्यांचे मोर्चे. मग मालकानं नवीनच विभाग काढला. काळं पाणी फेकायचं नाही, त्यातून माल काढायचा. त्या विभागात कापडं धुवायला, गाळायला, वाळवायला बाया हव्या होत्या. केशरबाई जाऊन उभी राहिली.

शांताबाईनं तोंडावर पदर घेतला. "वं माय! जिनं नवरा खाल्ला त्याच गिरणीमा?"

"मनं काम शे तठे," केशरबाई म्हणाली. माझं काम आहे तिथं, एवढंच.

पहिल्या दिवशी हर्षदाताईनं सगळ्या बायांना टाकीपाशी नेलं. हर्षदाताई म्हणजे जळगावची पोर, केमिकलची इंजिनियर, वेणी पाठीवर आणि डोक्यावर पिवळी टोपी. बंद टाकीला काच होती. आत काळं पाणी ढवळत होतं. वरून ॲसिड सोडत होते, अगदी धार नाही, थेंब थेंब. थोडा वेळ काही झालं नाही. मग पाण्याला फेस आला, ते घट्ट झालं, त्यात गुठळ्या धरायला लागल्या, आणि काळं पाणी वेगळं पडून तपकिरी चोथा खाली बसला.

केशरबाई काचेला नाक लावून बघत होती. "ताई, म्हणजे हे नासलं?"

हर्षदाताई हसली. "हो मावशी. दुधात लिंबू पिळल्यावर नासतं ना, तसंच. उसाच्या चोथ्याला जे ताठ धरून ठेवतं ना, ते ह्या पाण्यात विरघळलेलं असतं. लिग्निन म्हणतात. ते असं खाली बसवून आपण काढून घेतो."

पुढचं केशरबाईनं ऐकलं नाही. तिला एवढंच कळलं की ह्या पाण्याला नासवता येतं. रोज. आणि त्याचा पगार मिळतो. सांगून कुणाला खोटं वाटेल, पण त्या दिवसापासून ती गिरणीत जाताना नटून जायची. टाकीला फेस आला की काचेशी उभी राहून ओठ न हलवता म्हणायची, "नास मेल्या. नास." मग तो चोथा गाळणीच्या कापडावर यायचा. ती त्याच्यावर पाणी मारायची, पिळायची, दाबायची, पुन्हा पाणी मारायची. बाकीच्या बाया हात दुखतात म्हणायच्या. केशरबाईचे हात दुखायचे नाहीत.

वाळला की तो चोथा नाचणीच्या पिठासारखा दिसायचा. पोती भरून प्लायवूडवाल्यांकडं जायचा. फळ्या चिकटवायच्या गमात खनिज तेलापासून बनलेलं विषारी केमिकल घालायचे, त्याच्याऐवजी आता हा थोडा थोडा घालायला लागले होते. एकदा हर्षदाताईनं एक छोटी बाटली आणली, सगळ्यांना हुंगवली. आईस्क्रीमचा वास! व्हॅनिलाचा. सगळ्या बाया खूश. "ह्या घाणीतून? खरंच का ताई?"

"अजून प्रयोगच चाललाय," हर्षदाताई म्हणाली. "पण होतं."

केशरबाईनं बाटली परत केली. तिला ते पटलं नाही. माणूस खाऊन बसलेल्या पाण्यानं पोरांच्या आईस्क्रीममध्ये जाऊन लाडाचं व्हावं? "फळ्याच चिकटवू द्या त्याले," ती म्हणाली. "लाकडामा गाडलेलं बरं."

मग एक दिवस सुरक्षेचा पाठ झाला. हर्षदाताई सांगत होती, "शिजवायच्या सोड्यात गंधकाचा भाग असतो. म्हणून काळ्या पाण्यात ॲसिड घालायचं ते बंद टाकीत, पंखा चालू ठेवून, हळूहळू. उघड्यावर कधीच नाही. नाहीतर सडक्या अंड्यासारखा वास येणारा गॅस निघतो. आणि तो लबाड आहे. आधी वास येतो, मग नाकच मरतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं माणसाला वाटतं. तोवर पाय लटपटायला लागतात, जीभ जड होते. बघणाऱ्याला वाटतं हा पिऊन आलाय."

केशरबाईच्या हातातलं ओलं कापड खाली पडलं.

"काय म्हणालात ताई? परत सांगा."

"दारू प्यायल्यासारखा दिसतो, मावशी."

"आन् ॲसिड नसलं तर? नुसता जुना तुंबलेला खड्डा असला तर?"

"साचलेल्या खड्ड्यात तर कुणी काही न घालताही होतो. म्हणून तर दोराशिवाय उतरायचं नाही."

केशरबाईनं कापड उचललं, धुतलं, पिळलं. संध्याकाळी घरी आली, लक्ष्मणच्या फोटोवरची धूळ पदरानं पुसली, आणि कितीतरी वर्षांनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. मग स्वयंपाकाला लागली. सागरलाही काही बोलली नाही. बोलून काय होणार होतं? प्रमोदनं हात जोडले असते, "वहिनी, जुनं कशाला उकरता," आणि भाऊबंद म्हणाले असते, खरंच, कशाला. तिला हर्षदाताईचं तोंड नको होतं. प्रमोदचं हवं होतं.

प्रमोद तर रोजच समोर होता. आता तो मजुरांबरोबर ॲसिडही पुरवायचा, त्याचा टेम्पो नव्या विभागाच्या दाराशी लागायचा. "वहिनी, चहा पाजा ना," म्हणत तो बायांच्या चहाच्या जागी येऊन बसायचा. केशरबाई त्याला चहा द्यायची. कधी नाही म्हणाली नाही. फक्त त्याच्या कपात साखर घालायची नाही. आणि गंमत बघा, एवढ्या वर्षांत त्यानं एकदाही साखर मागितली नाही. चेहरा न बदलता पिऊन जायचा. म्हणजे ती का नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

श्रावण लागला होता. नागपंचमी झाली की खानदेशी माणसाला कानबाईचे, घरी बसवायच्या देवीचे, वेध लागतात, मग तो सुरतेत असो नाहीतर आणखी कुठं. त्याच आठवड्यात, मंगळवारी, भर दुपारी ते घडलं.

ॲसिडचे रिकामे कॅन विसळायचे असले तर लांब चुन्याच्या खड्ड्यापाशी न्यायचे, असा नियम. पण प्रमोदला टेम्पो लवकर सोडायचा होता. जवळच जुना उघडा खड्डा होता, त्यात काळं पाणी साचलेलं. तो आपल्या मजुराला म्हणाला, "सोमा, इथंच विसळ आणि ओत खाली."

सोमा मागे सरकला. "ताई नको म्हणाल्यात, शेठ."

"ताई काल आली! मी ह्याच गिरणीत म्हातारा झालो. आण इकडं." प्रमोदनं पाण्याचा पाइप ओढला, लांब होता म्हणून त्याचा वेढा खांद्यावरून कमरेला घेतला, आणि स्वतःच कॅन विसळून खड्ड्यात ओतायला लागला. एक कॅन. दुसरा. अर्धवट भरलेला तिसरा.

केशरबाई वरच्या ओट्यावर गाळणीपाशी होती. तिला वास आला. सडकं अंडं. तिनं खाली बघितलं. प्रमोदनं नाक मुरडलं, मग थोड्या वेळानं त्याचं नाक सरळ झालं. तो पुन्हा ओतायला लागला. केशरबाईला कळलं, त्याचं नाक मेलं.

ओरडायचा शब्द तिच्या तोंडात आला होता. तो तिथंच थांबला. किती वेळ थांबला, ते ती कुणाला सांगत नाही आणि कुणी विचारूही नये. तिनं प्रमोदचे पाय लटपटताना बघितले. अगदी तसेच असतील, असं तिच्या मनात आलं. नीट बघून घेतलं.

मग प्रमोद गुडघ्यावर आला आणि सोमा त्याला उचलायला धावला. सोमाला घरी बायको होती, तान्हं पोर होतं.

"सोम्या, मागे हो! जाशील तिथंच!" केशरबाईचा आवाज असा निघाला की टेम्पोवाल्यानंसुद्धा ब्रेक दाबला. तिनं घंटा बडवली, उतरून वारा येत होता त्या बाजूनं नळापाशी गेली आणि लांबूनच पाइप धरला. "ओढा गं! पाइप ओढा! कुणी जवळ जायचं नाही!" बाया धावल्या. कमरेला वेढा होता तसाच प्रमोद फरफटत, पांढऱ्या पँटीवर चिखल माखत, उघड्यावर आला.

माणसं जमली. हर्षदाताई पळत आली. मॅनेजरसाहेबही आले, तेच जुने साहेब, केस पिकलेले. "शुं थयुं? शुं थयुं?" प्रमोद उठून बसायला बघत होता. पाय जमिनीवर ठरत नव्हते. जीभ दातांत अडकत होती. ओकला.

केशरबाई सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवला, आणि मोठ्यानं म्हणाली, "दारू पीसन उना, साहेब. आम्ही नको म्हणत होतो, ऐकलं नाही."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग दुसरीकडं.

"ना... नाही," प्रमोद म्हणाला. "थेंबसुद्धा... नाही..."

"मग पाय का रे लटपटतात तुझे?"

"गॅस... गॅसनं होतं असं..."

"ऐकलं ना सगळ्यांनी?" केशरबाई म्हणाली. "घेऊन जा आता दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी प्रमोद घरी आला, गुरुवारी गिरणीतही आला. बायांपाशी बसून हसत म्हणाला, "त्या दिवशी मी शुद्धीवर नव्हतो. काय बडबडलो कुणास ठाऊक." केशरबाईनं चहा दिला. बिनसाखरेचा. त्याला वाटलं, विसरली बाई.

त्याच संध्याकाळी रोटांचा गहू मापायचा होता. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाई बसते त्या घरी भाऊबंदातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू टाकतात. त्या गव्हाचे रोट होतात, आणि ते फक्त भाऊबंदच खातात. एकदा गहू दळला की वरून दाणा घालायचा नाही. ज्याच्या नावाची मूठ नाही, त्याचं पान नाही. कानबाई केशरबाईकडं बसायची, कारण थोरली सून ती. मूठ तिच्याच हाताची.

चुलत जावा, सुना बसल्या होत्या. प्रमोदची बायको कुसुमही होती, सूप धरून. केशरबाईनं नावं घेत मूठ टाकली. भिलाबाबा, म्हणजे लक्ष्मणचे थोरले काका, सगळ्यांत वडील. मग सागर. मग प्रमोदची दोन्ही मुलं, दीपक आणि धाकटा. मग जिथं प्रमोदचं नाव यायचं तिथं ती थांबली, मूठ भरली, आणि म्हणाली, "लक्ष्मण."

कुसुमच्या हातातलं सूप कललं. "वहिनी, गेलेल्या माणसाची मूठ..."

"माहीत शे मले."

"आन् ह्यांची?"

"त्याच्या नावाची होती तीच ह्यांच्या नावानं टाकली," केशरबाई म्हणाली. "तुझा नवरा म्हणायचा ना, दादाचं ते माझं. तसंच."

कुसुमनं घरी जाऊन सांगितलंच असणार. पण रविवारी प्रमोद आला. न येऊन चालत नव्हतं, भाऊबंदांनी विचारलं असतं. पांढरी पँट धुवून इस्त्री केलेली. कानबाई चौरंगावर बसली होती, नारळाला नथ, डोळे, हिरवा पदर. सगळे पुरुष ओळीनं बसले. सागरच्या शेजारी एक पान मांडलेलं आणि पाट रिकामा, त्याला लागून प्रमोद.

केशरबाईनं रोट वाढले. भिलाबाबांना, सागरला, दीपकला, धाकट्याला. रिकाम्या पाटासमोरच्या पानावर दोन रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खिरीची वाटी, सगळं नीट मांडलं. मग प्रमोदच्या पानापाशी आली, आणि पुढं गेली.

"वहिनी, माझं राहिलं," प्रमोद हसून म्हणाला.

"राह्यनं नई. तुना नावनी मूठ टाकेलच नई."

भिलाबाबांनी हातातला घास खाली ठेवला. "केशर, आसं कसं? भाऊबंद शे तो."

"त्यालाच विचारा बाबा. मंगळवारी त्याचे पाय कशानं लटपटले ते विचारा."

"गॅसनं," प्रमोद पटकन म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरनं सांगितलं."

"मग ह्यांचे कशानं लटपटले?" केशरबाईनं भरल्या पानाकडं बोट केलं.

प्रमोद पानाकडं बघेना. ती रिकामी जागा त्याच्या कोपराला लागून होती. "वहिनी, सणाच्या दिवशी..."

तेवढ्यात दीपक बोलला. त्याचा जन्म सुरतचा, घरातसुद्धा अर्धं गुजरातीत बोलतो. घास हातात धरून बापाकडं बघत तो म्हणाला, "पप्पा, बोलो ने. शुं हतुं?"

बायकोला फसवता येतं, साहेबाला येतं. पोरानं असं बघितलं की अवघड होतं. प्रमोद खाली बघत पुटपुटला, "दादा पेत नव्हता."

"भिलाबाबाला कमी ऐकू येतं," केशरबाई म्हणाली. "जोरात बोल."

"दादा कधीच पेत नव्हता! मीच त्याले खाले धाडा. दोर नव्हता. माझा ठेका जाईल म्हणून मी तसं बोललो."

"आता सागरकडं बघून बोल."

"वहिनी..."

"सागरकडं."

बोलला. तिसऱ्यांदा बोलताना रडला. भिलाबाबांनी डोळे पुसले. सागरनं बापाच्या पानावरचा रोट उचलला, तोडला, आणि खाऊ लागला. गेलेल्याचं पान लेकानंच संपवायचं असतं, एवढं त्याला कुणी न सांगता कळलं.

भिलाबाबा म्हणाले, "केशर, बोलला तो. वाढ आता त्याले."

केशरबाईनं परातीकडं बघितलं. "कशाचं वाढू बाबा? गहू गुरुवारी मापला. वरून दाणा घालता येत नाही, कानबाईचं आहे, माझं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."

पंगतीतून मधेच उठलं तर कानबाईचा अपमान. म्हणून प्रमोदला शेवटपर्यंत बसावं लागलं, कोरं पान समोर घेऊन. एका बाजूला त्याची पोरं खात होती, दुसऱ्या बाजूला लक्ष्मणचं पान संपत होतं. केशरबाई सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होती. त्या दिवशी तिनं पंगत लवकर उठू दिली नाही.

सोमवारी कानबाईला तापीत सोडून आले. ढोल वाजला, बाया नाचल्या. नळावर आता बाया वेगळंच बोलत होत्या, आणि आवाज खाली न घेता बोलत होत्या. शांताबाई सगळ्यांत मोठ्यानं, जसं काही तिला आधीपासूनच ठाऊक होतं.

मंगळवारी केशरबाई कामावर गेली. टाकीत फेस आला तशी काचेशी उभी राहिली. "नास मेल्या," म्हणाली, पण नेहमीपेक्षा जरा हळू. चहाच्या वेळी प्रमोद आला. आज पांढरी पँट नव्हती. खालमानेनं बसला. केशरबाईनं कप पुढं केला. त्यानं एक घोट घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "वहिनी, जराशी साखर असली तर..."

साखरेचा डबा केशरबाईच्या मांडीशीच होता. तिनं त्याचं झाकण घट्ट लावलं.

"बघू," ती म्हणाली.